चेनला ऑईल कोणतं? ठाणे-नवी मुंबईच्या सायकलींसाठी

सायकलच्या चेनवर जे ऑईल दिसतं ते बहुतेक वाया गेलेलं असतं. कामाचं ऑईल रोलरच्या (पट्ट्यांमध्ये फिरणाऱ्या छोट्या नळीच्या) आत, पिनेभोवती असतं आणि ते बाहेरून दिसत नाही. त्यामुळे काळी, ओली, चकचकीत चेन बघून 'हिला भरपूर ऑईल आहे' असं समजू नका. आत ती कोरडी असू शकते. उलट, पुसून कोरडीठाक वाटणारी चेन आतून नीट भिजलेली असू शकते. बाटली निवडण्याआधी एवढं डोक्यात बसलं, की अर्धं काम झालं.

गिअरच्या सायकलच्या चेनमध्ये साधारण ११४ ते ११६ कड्या असतात. एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. दूधवाल्याच्या काळ्या सायकलपासून कार्बन फ्रेमच्या रोड बाईकपर्यंत हे माप एकच. चेन पुढच्या चेनरिंगवर (पेडलपाशी असलेलं दातेरी चाक) आणि मागच्या कॅसेटवर (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) चढता-उतरताना प्रत्येक कडी वळते आणि वळताना पिन आतल्या पट्टीच्या भोकात घासते. खरी झीज तिथे होते. 'चेन लांबली' असं आपण म्हणतो, पण पट्ट्या काही ताणल्या जात नाहीत. पिन आणि भोक झिजून प्रत्येक सांध्यात केसभर फट पडते, आणि शंभरावर सांध्यांच्या फटी मिळून अख्खी चेन लांब भरते.

म्हणजे ऑईल एवढं पातळ हवं की त्या सांध्यात शिरेल, आणि एवढं दाट हवं की शिरल्यावर तिथेच राहील. शिवाय बाहेर उरलेल्या थरावर धूळ बसता कामा नये. या तिन्ही गोष्टी एकाच बाटलीत पूर्ण मिळत नाहीत. प्रत्येक ल्यूबमध्ये (चेनला लावायच्या वंगणात) कुठेतरी तडजोड असते, आणि कोणती तडजोड चालेल हे तुम्ही कुठल्या रस्त्यावर आणि कुठल्या महिन्यात सायकल चालवता यावर ठरतं.

इथली हवा, इथला रस्ता

हवामान खात्याच्या सर्वसाधारण तारखा धरल्या, तर मुंबईत पाऊस ११ जूनच्या सुमारास येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. ठाणे-नवी मुंबईचं वेळापत्रकही जवळपास तेच. चार महिने पाणी, आठ महिने धूळ. घोडबंदर रोडवर वर्षानुवर्षं चाललेली बांधकामं, तुर्भ्याकडची खडी वाहणारे डंपर, ठाणे-बेलापूर रोडची अवजड वाहतूक यांमुळे दिवाळीनंतर चेनवर बसणारी धूळ साधी माती नसते. त्यात सिमेंट, खडीचा भुगा आणि डिझेलची काजळी असते. ती ऑईलमध्ये मिसळली की जी काळी लापशी तयार होते ती पॉलिश पेपरसारखी काम करते.

तिसरी गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे खाडी. पाम बीच रोड, बेलापूर, वाशी, ऐरोली, इकडे गायमुख, कोलशेत. खाडीकाठच्या हवेत मीठ असतं. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ओलं होतं. म्हणून पावसाचा थेंबही नसताना, मार्चमध्ये, बाल्कनीत ठेवलेल्या सायकलच्या चेनवर एका रात्रीत नारिंगी पूड दिसते. ऑईल खराब होतं म्हणून असं होतं असं नाही. बाहेरच्या पट्ट्यांवर संरक्षणाचा थरच नव्हता, एवढंच.

ड्राय आणि वेट: नावावर जाऊ नका

बाटलीवर 'ड्राय' किंवा 'वेट' लिहिलेलं असतं ते ऑईलबद्दल नसतं, रस्त्याबद्दल असतं. ड्राय ल्यूब कोरड्या दिवसांसाठी, वेट ल्यूब ओल्या दिवसांसाठी. ड्राय ल्यूबही बाटलीतून पातळ, ओलंच येतं. फिनिश लाईनच्या बाटल्यांत लाल टोपण ड्राय आणि हिरवं टोपण वेट. इतर कंपन्यांचे रंग वेगळे असतात, तेव्हा टोपणापेक्षा लेबल वाचा.

ड्राय ल्यूबमध्ये उडून जाणारं सॉल्व्हंट असतं आणि त्यात मेण, टेफ्लॉन किंवा हलकं तेल मिसळलेलं असतं. सॉल्व्हंट सांध्यात शिरतं, उडून जातं, आणि मागे पातळ थर राहतो. धूळ कमी चिकटते, चेन स्वच्छ राहते, पँटला डाग पडत नाहीत. पण थर पातळ असल्यामुळे टिकतो कमी, साधारण १०० ते १५० किलोमीटर. एक चांगली सर आली की गेला. ड्राय ल्यूबबद्दलची निम्मी गाऱ्हाणी एकाच चुकीतून येतात: सकाळी निघताना पार्किंगमध्ये उभ्याउभ्या दोन थेंब मारायचे आणि लगेच पेडल मारायचं. सॉल्व्हंट अजून ओलं असतं, त्यामुळे ल्यूब आत बसण्याआधी बाहेर उडतं आणि वर धूळही ओढून घेतं. ड्राय ल्यूब नेहमी आदल्या रात्री लावा.

वेट ल्यूब म्हणजे दाट सिंथेटिक तेल, चिकटून राहावं म्हणून त्यात खास घटक घातलेले. पाण्यात टिकतं, गंज रोखतं, आवाज कमी करतं. तेच चिकटपण जानेवारीत घोडबंदरवर शाप ठरतं. कापूरबावडी ते गायमुख चार दिवस ऑफिसला जाऊन या, चेन हाताला लागली तर बोट काळं होईल, आणि ते काळं म्हणजे तुमच्या चेनचंच लोखंड असतं, थोडं रस्त्याचंही.

यावरून सरळ हिशेब निघतो: दिवाळी ते मेअखेर ड्राय किंवा मेण, जून ते दसरा वेट. दोन बाटल्या, वर्ष निघतं. एकच बाटली घ्यायची असेल आणि सायकल पावसातही चालवणार असाल, तर वेट घ्या, पण निम्मंच लावा आणि दुप्पट वेळा पुसा. पाऊस सुरू झाला की सायकल थेट ऑक्टोबरपर्यंत जिन्याखाली उभी राहणार असेल, तर ड्राय पुरे. फक्त उभी करण्याआधी चेनवर तेलाचा हलका थर देऊन ठेवा.

मेण: जास्त खटपट, जास्त फायदा

मेणाचे दोन प्रकार आहेत. एक, थेंबाथेंबाने लावायचं पाण्यातलं मेण. दक्षिण आफ्रिकेतलं स्क्वर्ट हे त्यातलं ओळखीचं नाव. दुसरं, कढत मेणात अख्खी चेन बुडवणं. दोन्हींचं तत्त्व एकच: थर घट्ट असल्यामुळे धूळ चिकटत नाही, आणि बाहेरचं मेण खपली होऊन गळताना घाणही सोबत घेऊन जातं. इथल्या कोरड्या आठ महिन्यांना याहून चांगला उपाय नाही, हे आमचं स्पष्ट मत.

पाण्यातल्या मेणाची एक अडचण बाटलीवर ठळक सापडत नाही. त्यातलं पाणी उडल्याशिवाय मेण काम करत नाही. डिसेंबरमध्ये ते रात्रीत वाळतं. जुलैमध्ये, हवाच ओली असताना, सकाळीही चेनवर पांढरट ओलसर साय तशीच असते. तेव्हा पावसाळ्यात हे वापरायचंच असेल तर चेन तासभर टेबल फॅनसमोर ठेवा, नाहीतर सरळ वेट ल्यूबकडे वळा.

कढत मेणासाठी रंग आणि सुगंध नसलेलं मेणबत्तीचं पॅराफिन घ्या, चेन पूर्ण बुडेल इतकं, म्हणजे ४०० ते ५०० ग्रॅम. ते साधारण ५५ ते ६५ अंशांना वितळतं. भांडं थेट गॅसवर ठेवू नका. मोठ्या पातेल्यात पाणी उकळा आणि त्यात मेणाचं भांडं ठेवा. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे मेण पेट घेण्याइतकं तापतच नाही. पाण्याचा थेंब मात्र मेणात पडू देऊ नका. आणि हे भांडं पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही, हे घरच्यांना आधीच सांगितलेलं बरं.

चेनवर आधीचं तेल अजिबात नको. तेलाच्या थरावर मेण धरत नाही, आणि पहिल्या वीस किलोमीटरमध्येच चेन चिरचिरायला लागली तर कारण जवळजवळ नेहमी हेच असतं. नव्या चेनला कारखान्यातलं ग्रीस असतं, तेही काढावं लागतं. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या मिनरल टर्पेंटाईनमध्ये चेन डबा बंद करून दोन मिनिटं हलवा, टर्पेंटाईन बदला, पुन्हा हलवा. द्रव स्वच्छ राहीपर्यंत तीन-चार वेळा. शेवटी टर्पेंटाईनचा स्वतःचा पातळ थर काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये एकदा खळबळून वाळवा. मग तारेला ओवून चेन साधारण ९० अंशांच्या मेणात सोडा, दहा मिनिटं अधूनमधून हलवा. बुडबुडे यायचे थांबले म्हणजे आतली हवा निघाली आणि मेण शिरलं. आच बंद करून मेण जरा निवू द्या. भांड्याच्या काठाला साय धरायला लागली की चेन वर काढून टांगा. फार कढत असताना काढली तर आत गेलेलं मेण निथळून परत भांड्यात जातं.

थंड झाल्यावर चेन काठीसारखी ताठ होते. घाबरू नका. एखाद्या पाईपवरून दोन्ही बाजूंनी वाकवत नेली की कड्या मोकळ्या होतात. पहिल्या काही किलोमीटरमध्ये खपल्या पडतात आणि गिअर जरा अडखळतात, ते आपोआप थांबतं. कोरड्या रस्त्यावर हे २५० ते ३०० किलोमीटर चालतं. दोन चेन आलटून पालटून वापरल्या तर दर महिन्याला एकदाच भांडं तापवावं लागतं.

मेणाची एक कमजोरी मात्र आहे: गंज. पामबीचच्या बाजूला राहत असाल, तर मेणाच्या चेनचा बाहेरचा भाग आठवड्यातून एकदा तेलाच्या जेमतेम ओल्या चिंधीने पुसा. तेल आत जाता कामा नये, फक्त पट्ट्यांना स्पर्श.

स्वस्तात काय चालतं

साध्या सिंगल स्पीड सायकलला, मुलांच्या सायकलला किंवा भाजी आणायच्या सायकलला महागड्या बाटलीची गरज नाही. शिवणयंत्राचं तेल चालतं. पातळ असल्यामुळे पटकन आत शिरतं, पण लवकर जातं, म्हणून दर आठवड्याला थोडं थोडं.

घरचं मिश्रण त्याहून चांगलं. नवं २०डब्ल्यू-४० इंजिन ऑईल एक भाग, मिनरल टर्पेंटाईन तीन भाग: २५ मिलि ऑईल, ७५ मिलि टर्पेंटाईन. टर्पेंटाईन ऑईलला सांध्यात ओढून नेतं आणि उडून जातं. पावसाळ्यासाठी इंजिन ऑईलऐवजी ८०डब्ल्यू-९० गिअर ऑईल घ्या आणि टर्पेंटाईन दोनच भाग ठेवा. गिअर ऑईलला गंधकाचा उग्र वास असतो, म्हणून पॅसेजमध्ये लावू नका, शेजारी विचारतील. वापरण्याआधी बाटली हलवा, लावल्यावर रात्रभर थांबा. हे ज्वालाग्राही आहे. बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहून मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. पाण्याच्या बाटलीत भरणं हा सगळ्यात वाईट विचार.

आणि काय लावू नये

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला 'दादा, जरा ऑईल मारा ना' म्हटलं, की पुष्कळदा डब्यातून काळं, वापरलेलं इंजिन ऑईल येतं. त्यात इंजिनातला लोखंडाचा बारीक चुरा आणि जळलेली काजळी असते. चेन त्या दिवशी मऊ चालते, पण झिजायला लागते. 'माझंच ऑईल वापरा' म्हणून आपली छोटी बाटली पुढे करायची. त्यात कोणालाही वाईट वाटत नाही.

ग्रीस चेनला नको. ते बेअरिंगसाठी असतं. इतकं दाट की रोलरच्या आत शिरत नाही, बाहेरच राहून धुळीची शेती करतं. मोटरसायकलच्या चेनचा स्प्रेही तसाच. त्या बहुतेक चेनना आतलं ग्रीस धरून ठेवणारे रबरी रिंग असतात, त्यामुळे स्प्रेचं काम बाहेरून चिकटून राहणं एवढंच. सायकलच्या चेनला रिंग नसतात.

खोबरेल तेल, सरसूचं तेल, गोडेतेल: नाही. खाण्याची तेलं हवेत हळूहळू घट्ट होऊन डिंकासारखी बसतात. खोबरेल तर २४-२५ अंशांखाली गोठतंच, म्हणजे जानेवारीच्या पहाटे येऊरच्या पायथ्याशी चेनवर पांढरा थर.

डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा डबा घरोघरी असतो. १९५३ साली ते पाणी हटवण्यासाठी बनवलं गेलं आणि त्या कामाला आजही उत्तम आहे. भिजलेली चेन कोरडी करायला, गंजलेली कडी मोकळी करायला जरूर वापरा. पण त्याचा उरणारा थर चेनवरचा भार पेलण्याइतका जाड नसतो, त्यामुळे त्यानंतर खरं ल्यूब लावावंच लागतं. त्याच कंपनीची सायकल चेनसाठीची ल्यूब वेगळी मिळतात, यातच उत्तर आलं.

स्प्रेच्या डब्याबद्दल एक इशारा. डिस्क ब्रेकच्या सायकलवर स्प्रे मारताना फवारा रोटरवर (ब्रेक पॅड जिला धरतात त्या धातूच्या चकतीवर) जातो. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून साफ होतो, पण ब्रेक पॅडमध्ये तेल मुरलं की बहुतेक वेळा पॅडच बदलावे लागतात. येऊरवरून उतरताना ब्रेक किंचाळायला लागले आणि धरेनासे झाले, तर आदल्या रात्रीचा स्प्रे आठवा. थेंबाची बाटली नेहमी बरी.

लावायची रीत

चुकीचं ल्यूब नीट लावलं, तरी चेन बऱ्यापैकी टिकते. उत्तम ल्यूब घाणीवर ओतलं, तर ती घाण आत नेण्याचं काम तेवढं होतं. म्हणून आधी सफाई.

जुन्या सुती बनियनची चिंधी घ्या, ती होजियरी छान शोषते. खालच्या बाजूची चेन चिंधीत मुठीत धरा आणि पेडल उलटं वीस-तीस वेळा फिरवा, चिंधी दोनदा बदला. मागच्या डिरेलरच्या (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाच्या) दोन छोट्या चाकांवर काळा चिकटा जमतो, तो आइस्क्रीमच्या काडीने खरवडा. हा भाग सगळे टाळतात, आणि पुसलेल्या चेनला पाच मिनिटांत पुन्हा काळं करणारा भागही हाच. मग टूथब्रश टर्पेंटाईनमध्ये बुडवून चेनच्या चारही बाजूंनी घासा. शंभर मिलि पुरतं. खाली पुठ्ठा ठेवा. सोसायटीच्या पार्किंगमधल्या फरशीवर पडलेले डाग सेक्रेटरींना महिनाभर दिसतात. पुन्हा पुसून अर्धा तास वाळू द्या.

चेन काढून साफ करायची असेल तर क्विक लिंक (चेन जोडणारी, उघडता येणारी कडी) उघडा. दहा स्पीड (मागे दहा गिअर) आणि त्यापुढच्या बऱ्याच क्विक लिंक एकदाच वापरायच्या असतात, पाकिटावर बघून घ्या.

आता ल्यूब. चेन मधल्या गिअरवर ठेवा. खालच्या चेनची वरची बाजू, म्हणजे दातांना लागणारी बाजू, समोर ठेवून प्रत्येक रोलरवर एक थेंब टाका. बाटली धरून पेडल गरगर फिरवणं म्हणजे निम्मं ल्यूब जमिनीला. सुरुवात क्विक लिंकपासून करा. ती नसेल तर एका कडीवर नेलपॉलिशचा ठिपका द्या, म्हणजे फेरी पूर्ण झाली हे कळतं. ११४ थेंब म्हणजे चार-पाच मिलिलिटर. १०० मिलिची बाटली वीसेक वेळा पुरायला हवी. तुमची पाच वेळांत संपत असेल, तर बाकीचं कुठे जातंय याचा अंदाज करा.

थेंब टाकून झाले की पेडल उलटं एक-दोन मिनिटं फिरवा, थांबा, आणि दहा-पंधरा मिनिटांनी बाहेरचं सगळं पुसून टाका. सगळं. चिंधीवर जवळजवळ काही येईनासं होईपर्यंत. इथेच बहुतेकांचा जीव होत नाही, इतकं महागाचं ऑईल पुसायचं कसं म्हणून. पण बाहेरच्या ऑईलचं काम फक्त गंज रोखणं, आणि त्याला पुसल्यावर उरलेला थर पुरतो. पाण्यातलं मेण मात्र याला अपवाद: ते न पुसता वाळू द्यायचं.

एकातून दुसऱ्यात जाताना, म्हणजे मेण सोडून तेल किंवा तेल सोडून मेण, मधे पूर्ण सफाई हवीच. मेणावर तेल पडलं की चेनवर राखाडी चिखल होतो आणि तो दोन्हीपेक्षा वाईट.

पाऊस

मेच्या शेवटच्या आठवड्यात वेट ल्यूब घरात असू द्या, पण लावायची घाई नको. पहिल्या दोन-चार सरी सगळ्यात घातक: आठ महिन्यांची साचलेली धूळ, ऑईल आणि काजळी एकदम रस्त्यावर तरंगते आणि चाकाबरोबर चेनवर उडते. त्या सरी झाल्या की चेन साफ करून मग वेटवर जा.

पावसातून घरी आल्यावर मगभर साध्या पाण्याने चेन आणि कॅसेट धुवा. भरती आणि पाऊस एकत्र येऊन खाडीचं पाणी रस्त्यावर आलं असेल तर हे नक्कीच, कारण त्यात मीठ असतं. गाडी धुण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली सायकल धरू नका, ते पाणी हबच्या आणि पेडलच्या बेअरिंगमध्ये घुसतं. पुसा, पेडल वीस वेळा उलटं फिरवा म्हणजे आतलं पाणी बाहेर येईल, पुन्हा पुसा. सकाळपर्यंत थांबायचं नाही, आर्द्रता इतकी असते की चेन आपोआप वाळत नाही. हेअर ड्रायरची तीन-चार मिनिटं हा अतिरेक वाटतो, पण जुलैत उपयोगी पडतो. वेट ल्यूब दर दोन-तीन भिजलेल्या फेऱ्यांनंतर, किंवा जास्तीत जास्त दीडशे किलोमीटरला.

सबवेतल्या गुडघाभर पाण्यातून सायकल काढली असेल, तर चेन ही छोटी काळजी. हब (चाकाचा मधला भाग) आणि बॉटम ब्रॅकेटमध्ये (पेडलचा दांडा ज्यात फिरतो तो भाग) पाणी गेलं का ते आधी बघून घ्या.

कुठे जास्त जोर, कुठे कमी

उपवनवरून येऊरचा चढ हलक्या गिअरमध्ये, हळू, जोर लावत चढला जातो, आणि चेनवरचा ताण तिथे सर्वाधिक असतो. खारघरच्या टेकडीचंही तसंच. अशा सायकलला सपाटीवरच्या सायकलपेक्षा लवकर ल्यूब लागतं, किलोमीटर कमी झाले असले तरी. पेडलपाशी मोटर असलेल्या ई-सायकलमध्ये मोटरचाही जोर चेनमधून जातो, तिथे अंतर निम्मं धरा. मोटर चाकाच्या हबमध्ये असेल, तर चेनला फक्त तुमचे पाय सोसायचे असतात. पूर्ण चेनकव्हर असलेली सायकल सगळ्यात नशीबवान, महिन्यातून एकदा बघितलं तरी पुरे.

आवाजावरून पुष्कळ कळतं. चिरचिर म्हणजे कोरडी. खरखर म्हणजे आत कण गेलेत, वरून ऑईल ओतून उपयोग नाही, धुवा. ठरावीक अंतराने एकच 'टक' येत असेल तर एखादी कडी अडलीय. ११४ कड्यांची चेन ४२ दातांच्या चेनरिंगवर साधारण पावणेतीन फेऱ्यांत पूर्ण फिरते, म्हणजे टक पेडलच्या पावणेतीन फेऱ्यांनी आला तर दोष चेनमध्ये, दर फेरीला आला तर पेडलकडे बघा. अडलेली कडी सावकाश उलटं पेडल मारताना मागच्या डिरेलरपाशी उडी मारते. तिला बोटांनी आडवी हलकी वाकवा आणि एक थेंब द्या. रोलरच्या कडेने लालसर पूड गळत असेल, तर आतून गंज धरलाय, तिथे ल्यूब उशिरा पोचलं.

झीज मोजायला स्टीलची पट्टी पुरते. चेन ताणून २४ कड्यांचं, म्हणजे पहिल्या पिनेपासून पंचविसाव्या पिनेपर्यंतचं माप घ्या. नव्या चेनचं हे माप बरोबर १२ इंच, ३०४.८ मिलिमीटर. ३०६.३ झालं की अर्धा टक्का झीज, अकरा-बारा स्पीडची चेन इथेच बदला. आठ ते दहा स्पीडला ३०७.१ पर्यंत चालतं, सिंगल स्पीडला ३०७.८. त्यापुढे ताणलं तर लांबलेली चेन कॅसेटचे दात आपल्या मापाचे करून ठेवते, आणि नवी चेन टाकली की जोर लावताच ती दातांवरून उडी मारते. मग चेनबरोबर कॅसेटचाही खर्च.

नव्या चेनवर तेलाचं ल्यूब वापरायचं असेल तर कारखान्यातलं ग्रीस धुऊन काढू नका, ते आत नीट बसलेलं असतं. फक्त बाहेरून टर्पेंटाईनच्या ओल्या चिंधीने पुसा आणि पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर तसंच चालवा. चिरचिर ऐकू आली की पहिला थेंब.

धुतलेलं काळं टर्पेंटाईन गटारात किंवा बेसिनमध्ये ओतू नका. काचेच्या बरणीत झाकण लावून दोन दिवस ठेवा. घाण तळाशी बसते, वरचं स्वच्छ द्रव गाळून पुढच्या वेळी वापरता येतं. तळाचा गाळ जुन्या वर्तमानपत्रात शोषून, मोकळ्या हवेत वाळवून, कचऱ्यात वेगळा द्या.